टाके काढायच्या दिवशीच हाडांचं औषध: खुबा मोडलेल्या रुग्णाला ऑस्टिओपोरोसिसचे उपचार कसे द्यायचे

सत्तर-पंचाहत्तरीची बाई न्हाणीत घसरते आणि खुबा मोडतो. दोन-तीन दिवसांत ऑपरेशन होतं, रॉड बसतो नाहीतर गोळा बदलला जातो, आणि आठवड्याभरात ती वॉकर धरून घरी जाते. डिस्चार्ज कार्डावर अँटिबायोटिक, दुखण्याची गोळी, ॲसिडिटीची गोळी, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी-३ची पुडी असते. ज्या रोगानं हाड मोडलं त्या ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ करणाऱ्या रोगाचं, औषध मात्र कार्डावर नसतं. सर्जनना वाटतं फिजिशियन बघतील. फिजिशियनना वाटतं हाडांचं काम आहे, ऑर्थोवाले बघतील. गावातल्या फॅमिली डॉक्टरांना वाटतं, मोठ्या दवाखान्यातून आल्यात, द्यायचं ते दिलं असेल. मग वर्षा-दोन वर्षांत दुसऱ्या बाजूचा खुबा मोडतो किंवा मणका दबतो, आणि पुन्हा मोडण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो याच पहिल्या दोन वर्षांत.

कॅल्शियम आणि डी-३ एवढ्यानं ऑस्टिओपोरोसिसचा उपचार होत नाही, ती उपचाराची पूर्वतयारी आहे. खालची सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे. ती सर्जन, फिजिशियन आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांत दवाखाना चालवणाऱ्या फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. घरच्या माणसांनीही जरूर वाचावी, पण कुठलं औषध द्यायचं ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

डेक्साची वाट बघू नका

पन्नाशीपुढच्या माणसाचा खुबा चालता-चालता पडून, खाटेवरून उतरताना किंवा उंबऱ्याला अडखळून मोडला, म्हणजे उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून मोडला, तर ऑस्टिओपोरोसिसचं निदान तिथंच झालं. डेक्सात (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत) टी-स्कोअर उणे २.५ पर्यंत उतरलेला नसला तरी निदान बदलत नाही. पुरुषांनाही हेच लागू आहे, आणि त्यांच्या बाबतीत औषध राहून जाण्याचं प्रमाण जास्त आहे. डेक्सा पुढच्या तुलनेसाठी उपयोगी पडते. ती नंतर सवडीनं करा, रॉड किंवा गोळा घातलेल्या बाजूची सोडून दुसऱ्या खुब्याची आणि कमरेच्या मणक्यांची.

एक्स-रे मात्र औषध ठरवण्याआधी पुन्हा एकदा नीट बघा. मोडलेल्या जागी हाड पोखरल्यासारखं दिसत असेल तर कॅन्सर किंवा मायलोमा (अस्थिमज्जेतला कॅन्सर) मनात ठेवा, आणि ऑपरेशनच्या वेळीच हाडाचा तुकडा तपासणीला पाठवा. ती संधी नंतर मिळत नाही. खुब्याखाली, मांडीच्या हाडावर आडवी सरळ रेघ, बाहेरच्या बाजूचं कवच जाड झालेलं आणि आधी काही आठवडे मांडी दुखत असल्याचा इतिहास, असं चित्र असेल तर ते अटिपिकल, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या धाटणीचं, फ्रॅक्चर असू शकतं. हा रुग्ण आधीपासून अ‍ॅलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक ॲसिड या ऑस्टिओपोरोसिसच्या औषधांवर असेल तर ते औषध थांबवायचं, दुसऱ्या मांडीचाही पूर्ण एक्स-रे काढायचा आणि पुढचं तज्ज्ञांशी बोलून ठरवायचं. तिसरी शक्यता ऑस्टिओमलेशियाची, म्हणजे व्हिटॅमिन डीच्या कमतरतेनं हाडं मऊ पडण्याची. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेली, अंगभर झाकून राहणारी, सगळं अंग दुखतं म्हणणारी बाई असेल आणि कॅल्शियम व फॉस्फरस कमी, अल्कलाइन फॉस्फटेज बरंच वाढलेलं असेल, तर आधी डी भरून काढायचं. अशा हाडावर झोलेड्रॉनिक दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीवर घसरतं.

दाखल झाल्या दिवशीच्या तपासण्या

ऑपरेशनसाठी रक्त काढणारच आहात, त्याच सुईत हेही मागवा: हिमोग्लोबिन, ईएसआर, क्रिॲटिनिन, कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी आणि टीएसएच. कॅल्शियम वाढलेलं असेल तर पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन). हिमोग्लोबिन कमी, ईएसआर बरंच जास्त किंवा किडनीत कारण न सापडणारा बिघाड असेल तर मायलोमासाठी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. पुरुषांत टेस्टोस्टेरॉनचा विचार करा आणि दारूची चौकशी न लाजता करा.

औषधांची चौकशी करताना "स्टेरॉइड घेता का?" असं विचारून उत्तर मिळत नाही. "गुडघ्यासाठी, दम्यासाठी कुठून पुड्या आणत होता का?" असं विचारा. बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं, आणि ते एकदम बंद केल्यावर रुग्ण कोलमडू शकतो.

अहवाल वाचताना दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे ऑपरेशननंतर अल्ब्युमिन घसरतं आणि त्यामुळं कॅल्शियम खोटंच कमी दिसतं. दुरुस्ती सोपी आहे: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ नं गुणा आणि आलेला आकडा कॅल्शियममध्ये मिळवा. कॅल्शियम ८.० आणि अल्ब्युमिन २.८ असेल तर खरं कॅल्शियम साधारण ९.० धरायचं. दुसरी चूक अल्कलाइन फॉस्फटेजची. हाड जुळत असताना ते काही आठवडे वाढलेलंच राहतं. म्हणून दाखल झाल्या दिवशीचा आकडा खरा मानायचा, टाके काढतानाचा नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक किडनीची असते. रिपोर्टवर क्रिॲटिनिन १.० येतं, शेजारी "नॉर्मल" छापलेलं असतं आणि सगळे निश्चिंत होतात. वयानं आणि वजनानं हिशोब करून बघा. १४० मधून वय वजा करायचं, वजनानं गुणायचं, ७२ गुणिले क्रिॲटिनिन यानं भागायचं आणि बाई असेल तर ०.८५ नं गुणायचं. ८० वर्षांची, ४२ किलोची आज्जी घेऊ: ६० गुणिले ४२ म्हणजे २५२०, भागिले ७२ म्हणजे ३५, गुणिले ०.८५ म्हणजे साधारण ३०. या आकड्याला क्रिॲटिनिन क्लिअरन्स म्हणतात. झोलेड्रॉनिक ॲसिडला तो किमान ३५ लागतो. "नॉर्मल" क्रिॲटिनिनची ही आज्जी त्या औषधाला बसत नाही. तिचं वजन अंदाजे लिहू नका, वॉकरवर उभी राहायला लागली की काट्यावर उभी करा. क्रिॲटिनिनही ऑपरेशनच्या आसपास, पाणी कमी पडल्यानं किंवा वेदनाशामकांनी, वर गेलेलं असू शकतं. सीमेवरचा आकडा आला तर इंजेक्शनच्या आधी पुन्हा तपासा.

पुडी आठवड्याला एक

डी-३ वॉर्डमध्येच सुरू करा, रिपोर्ट यायची वाट न बघता. पहिली ६०,००० युनिटची मात्रा दाखल झाल्यावर, दुसरी आठवड्यानं. पुढं कमतरता किती आहे ते बघून आठवड्याला एक अशा एकूण ८ मात्रा, आणि नंतर महिन्याला एक. झोलेड्रॉनिकच्या इंजेक्शनच्या आधी डीची पातळी २० नॅनोग्रॅमच्या वर असावी. पातळी १२ च्या खाली असेल तर घाई नको, डी-३ चालू ठेवून सहा आठवड्यांच्या एक्स-रेच्या वेळी कॅल्शियम पुन्हा तपासा आणि मग इंजेक्शन द्या.

६ लाख युनिटची सुई एकदम टोचायची पद्धत बंद व्हायला हवी. वर्षातून एकदा ५ लाख युनिट तोंडावाटे दिलेल्या वयस्क बायकांमध्ये पडणं आणि हाड मोडणं दोन्ही वाढल्याचं २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं.

पुडी घरी नेमकी कशी चुकते, तेही बघून घ्या. कार्डावर "डी-३ सॅशे, एक" एवढंच लिहिलेलं असतं, खाली गोळ्यांपुढं "रोज" असतं, आणि सून पुडीही रोज दुधातून देते. दीड-दोन महिन्यांत आज्जीला मळमळ, बद्धकोष्ठ, सतत तहान, बडबड आणि झापड सुरू होते. क्रिॲटिनिन चढतं आणि कॅल्शियम १३-१४ वर गेलेलं सापडतं. म्हणून वार लिहायचा: "फक्त सोमवारी, एकूण ८ सोमवार, मग बंद करून दाखवायला या." शक्य असेल तर पहिल्या चारच पुड्या द्या.

बाजारातल्या बऱ्याच कॅल्शियमच्या गोळ्यांत ०.२५ मायक्रोग्रॅम कॅल्सिट्रिऑल, म्हणजे व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप, असतं. पुडी आणि कॅल्सिट्रिऑल एकत्र चालू ठेवलं तर वरचाच प्रकार लवकर होतो. शिवाय २५-हायड्रॉक्सी तपासणीत कॅल्सिट्रिऑल दिसत नाही, त्यामुळं आकड्यावर विसंबून फसायला होतं. किडनीचा ठरावीक रुग्ण सोडला तर कॅल्सिट्रिऑल नसलेली साधी गोळी लिहा.

कॅल्शियम दिवसाला जेवण आणि गोळी मिळून १००० ते १२०० मिलिग्रॅम पुरतं. दोन मोठे कप दूध म्हणजे साधारण ५००. पन्नासएक ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी म्हणजे १७०च्या आसपास. वर दही किंवा ताक आणि तिळाची चटणी. एवढं रोज पोटात जात असेल तर ५०० मिलिग्रॅमची एक गोळी बस्स झाली. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर पेला रिकामा करणाऱ्या या गावात दुधाची शिफारस करायला लागू नये, पण घराघरांत दूध आधी नातवाला जातं आणि आज्जीच्या वाट्याला चहातलं दूध उरतं. "दूध पिता का?" याऐवजी "काल किती प्यालात?" असं विचारा.

पायाच्या सुपाबद्दल प्रत्येक घरात विचारतात. हाडं उकळलेल्या रश्शात कॅल्शियम फारच थोडं उतरतं. पांढरा रस्सा चवीनं प्यावा, पण उपयोग आहे तो ताटातल्या मटणाच्या फोडींचा, अंड्याचा आणि डाळीचा, कारण किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन या वयात आणि या जखमेत लागतंच. किडनी खूप बिघडलेली असेल तर प्रोटीनचा आकडा फिजिशियनना विचारून.

कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर. ॲसिडिटीची गोळी कायम चालू असेल तर सिट्रेट द्या, आणि त्याआधी ती ॲसिडिटीची गोळी खरंच लागते का ते बघा.

झोलेड्रॉनिक ॲसिड: बहुतेकांसाठी पहिली निवड

खुबा मोडलेल्या रुग्णांवरच, ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत देऊन तपासलेलं औषध म्हणजे झोलेड्रॉनिक ॲसिड. होरायझन नावाच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली आले. २१२७ रुग्णांपैकी औषध मिळालेल्यांत नवीन फ्रॅक्चर ८.६ टक्के आणि न मिळालेल्यांत १३.९ टक्के. मृत्यू ९.६ विरुद्ध १३.३ टक्के. हाड जुळायला उशीर झाला नाही. "आधी हाड जुळू दे, मग बघू" हे वाक्य अजून ऐकू येतं, त्याला या चाचणीनं आधार ठेवलेला नाही.

त्याच चाचणीच्या पुढच्या विश्लेषणात पहिल्या दोन आठवड्यांत इंजेक्शन घेतलेल्यांना फायदा दिसला नाही, त्यानंतर घेतलेल्यांना दिसला. ताज्या मोडीवरच औषधाचा मोठा भाग जाऊन बसतो, असं त्याचं कारण मानतात. तेव्हा दोन आठवडे पूर्ण होऊ द्यायचे. टाके काढायचे असतात बाराव्या ते चौदाव्या दिवशी, ते चौदाव्यावर न्या आणि इंजेक्शन त्याच फेरीत उरका. चंदगडहून शंभरावर किलोमीटर गाडी करून आलेलं कुटुंब टाक्यांसाठी नक्की येतं. "पुढच्या महिन्यात हाडांच्या इंजेक्शनला या" म्हटलं की येत नाही, कारण तोवर आज्जी चालायला लागलेली असते. टाके गावातच निघणार असतील तर सलाइन लावायची सोय असलेल्या तिथल्या डॉक्टरांना फोन करून इंजेक्शनचं काम त्यांच्याकडं सोपवा आणि कार्डावर त्यांचं नाव लिहा. हीही वेळ हुकली तर सहा आठवड्यांचा एक्स-रे ही दुसरी संधी.

लिहिताना "झोलेड्रॉनिक ॲसिड ५ मिग्रॅ, १०० मिलि, वर्षातून एकदा" असं पूर्ण लिहा. दुकानात ४ मिलिग्रॅमची कुपीही मिळते, ती कॅन्सरच्या रुग्णांसाठी असते आणि काही आठवड्यांच्या अंतरानं देतात. नुसतं "इंजेक्शन झोलेड्रॉनिक" लिहिलं की ४ ची कुपी घरी येते, किंवा महिन्याभरानं दुसऱ्या दवाखान्यात कुणी पुन्हा तेच टोचतं.

सरकारी आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर हे इंजेक्शन तिथं बसतं का, ते डिस्चार्जच्या आधीच आरोग्यमित्राला विचारून घ्या. बसत नसेल तर रक्कम घरच्यांना त्याच दिवशी सांगा. कंपनीगणिक किमतीत बराच फरक असतो, म्हणून औषधाचं मूळ नाव लिहिलेलं बरं.

त्या दिवशी करायचं ते असं. सकाळी नेहमीसारखं खाऊन, दोन-तीन पेले पाणी पिऊन रुग्णाला आणायचं. उलट्या-जुलाब चालू असतील तर त्या दिवशी इंजेक्शन नाही. वेदनाशामक गोळ्या दोन दिवस आधीपासून बंद, पॅरासिटॅमॉल चालेल. ताजं क्रिॲटिनिन आणि कॅल्शियम कागदावर हवं. इंजेक्शनसाठी वेगळी शीर, वेगळी नळी. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं, त्या सलाइनच्या नळीतून हे औषध सोडायचं नाही. कमीत कमी १५ मिनिटं हा नियम आहे, पण या वयात ३० मिनिटं घ्या. २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला ६५ ते ७० थेंब पडले की १०० मिलि अर्ध्या तासात संपतं. घाईत सोडलं तर किडनीवर ताण येतो. संपल्यावर नळी साध्या सलाइननं धुऊन काढा.

पॅरासिटॅमॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी त्याच दिवशी सुरू करून तीन दिवस, दिवसातून तीन वेळा. पहिल्या इंजेक्शननंतर साधारण तिघांपैकी एकाला ताप, अंगदुखी, डोकेदुखी होते आणि ती बहुतेक तीन दिवसांत जाते. हे आधी सांगितलं नाही तर घरचे रात्री टाक्याच्या जागेचा संसर्ग समजून धावत येतात, आणि पुढच्या वर्षीचं इंजेक्शन कायमचं रद्द होतं. "उद्या-परवा अंग मोडून ताप येईल, घाबरू नका, दुसऱ्या वर्षी इतका येत नाही" एवढं बोला. मात्र ताप तीन दिवसांपुढं गेला, जखमेतून पाणी आलं, डोळा लाल होऊन दुखायला लागला, ओठांभोवती मुंग्या आल्या किंवा हातापायांत गोळे आले, तर लगेच दाखवायचं.

दात आधी बघा. जिल्ह्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या बायका मिश्री लावतात, दात हलत असतात, हिरड्या पिकलेल्या असतात. टॉर्च घेऊन तोंडात बघायला एक मिनिट लागतं. दात काढायचाच असेल तर काढून, जखम भरल्यावर इंजेक्शन. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत जबड्याचं हाड उघडं पडणं फार क्वचित घडतं. तेव्हा दातांची साधी साफसफाई राहिली म्हणून औषध महिनोन्महिने लांबवू नका.

आठवड्याची गोळी कुणाला

सुई नको म्हणणाऱ्यांना, ताठ बसता येत असेल आणि क्लिअरन्स ३५ च्या वर असेल तर अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा किंवा राइझेड्रोनेट ३५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा. अन्ननलिकेचा त्रास, गिळताना अडकणं किंवा अर्धा तास बसणं न जमणं यांपैकी काही असेल तर गोळी नको. महिन्याची आयबँड्रोनेट सोयीची वाटते, पण खुब्याचं फ्रॅक्चर टळतं हे तिच्या मुख्य चाचणीत दिसलेलं नाही, म्हणून या रुग्णाला ती लिहू नका.

गोळी वाया जाते ती घेण्याच्या पद्धतीमुळं. जेवल्यावर किंवा चहाबरोबर घेतली तर जवळजवळ काहीच अंगी लागत नाही, आणि घेऊन आडवं झालं तर अन्ननलिका भाजते. समजावताना तिच्याच भाषेत बोला: "मावशी, शुक्रवारी उठलं की चूळ भरायची आन् आधी ही गोळी. मोठा पेलाभर साधं पाणी, सगळं प्यायचं. मग अर्धा तास आडवं व्हायचं न्हाई, च्या न्हाई, दूध न्हाई, दुसरी गोळी न्हाई. त्येच्यानंतर काय ते खावा." वार तिलाच निवडू द्या. अंबाबाईचा शुक्रवार किंवा जोतिबाचा रविवार विसरला जात नाही, आणि उपवास असला तरी या गोळीला अडचण नाही. कॅल्शियमची गोळी त्या दिवशी दुपारच्या जेवणाबरोबर.

क्लिअरन्स ३५ च्या खाली असेल तर

डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅम, कातडीखाली, दर सहा महिन्यांनी. किडनीसाठी मात्रा कमी करावी लागत नाही, पण किडनी जितकी वाईट तितकं कॅल्शियम घसरण्याचं भय जास्त. डायलिसिसच्या रुग्णांत हे जिवावर बेतू शकतं, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जानेवारी २०२४ मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला. क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर आधी पीटीएच बघा, किडनीच्या डॉक्टरांशी बोला, कॅल्शियम आणि डी सुधारून घ्या आणि इंजेक्शननंतर दहा दिवसांच्या आसपास कॅल्शियम पुन्हा तपासा.

डेनोसुमॅब सुरू करणं सोपं आहे, सोडणं अवघड. परिणाम सहा महिन्यांनी उतरतो, मग हाड झपाट्यानं विरघळतं आणि एकापाठोपाठ एक मणके दबतात. सात महिन्यांच्या पुढं डोस जाता कामा नये. बंद करायचंच असेल तर शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांनी झोलेड्रॉनिक किंवा अ‍ॅलेन्ड्रोनेट द्यावं लागतं, आणि किडनीमुळं तेच देता येत नसेल तर हा प्रश्न सुरू करतानाच घरच्यांसमोर मांडायला हवा. नियमित येणारं माणूस नसेल, तर हे औषध सुरू करण्याआधी दोनदा विचार करा.

कोल्हापुरात तारखेचा हिशोब पावसाशीही जुळवायला लागतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्गच बंद पडला होता, आतल्या रस्त्यांची गोष्टच वेगळी. जानेवारीत पहिला डोस दिला की दुसरा जुलैत येतो. त्याचं औषध जूनमध्येच जवळच्या दुकानाच्या फ्रिजमध्ये सांगून ठेवा आणि ते पूररेषेच्या अलीकडं कुठं टोचायचं तेही ठरवा. २ ते ८ अंशांत राहिलेलं औषधच वापरायचं, वीज दोन दिवस गेलेल्या फ्रिजातलं नाही.

टेरिपॅराटाइड

खुब्याबरोबर दोन-तीन मणके आधीच दबलेले आहेत, किंवा वर्षभर गोळी नीट घेऊनही हाड मोडलं, अशांना आधी हाड बांधणारं औषध द्यायचा विचार करा: रोज २० मायक्रोग्रॅम, कातडीखाली, जास्तीत जास्त २४ महिने. म्हणूनच खुबा मोडलेल्या प्रत्येकाच्या पाठीच्या मणक्यांचा बाजूनं एक्स-रे काढावा. दबलेला मणका अनेकदा न दुखताच दबलेला असतो. हाडांचा कॅन्सर, पूर्वी हाडांना दिलेलं रेडिएशन, पॅजेट्स (हाडांचा एक रोग) किंवा वाढलेलं कॅल्शियम असेल तर हे औषध नाही. पहिल्या काही डोसनंतर उभं राहताना चक्कर येते, म्हणून रात्री झोपताना, खाटेवर बसून टोचायचं. पेन फ्रिजमध्ये, उघडल्यापासून २८ दिवसांनी उरलं तरी टाकून द्यायचं.

"हाड लवकर जुळावं" म्हणून दोन पेन लिहून सोडून देण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यात रुग्णाचे पैसे जातात आणि हाती काही लागत नाही. खुब्याचं हाड त्यानं लवकर जुळतं असं सिद्ध झालेलं नाही, आणि मध्येच सोडलेल्या टेरिपॅराटाइडनं कमावलेलं हाड पुन्हा झिजतं. कोर्स संपल्या-संपल्या झोलेड्रॉनिक किंवा तत्सम औषध सुरू व्हायला हवं, हे पहिल्याच दिवशी सांगा.

कार्डावर काय लिहायचं

पुढचा डॉक्टर कार्डावरच अवलंबून असतो, म्हणून हा मजकूर जसाच्या तसा वापरा, आकडे आणि तारखा बदलून:

निदान: डावा खुबा मोडला, ऑस्टिओपोरोसिसमुळे. वजन ४८ किलो, क्रिॲटिनिन ०.८, क्लिअरन्स ४३. कॅल्शियम (अल्ब्युमिननुसार दुरुस्त) ९.१, डी २२. दात तपासले, अडचण नाही.
डी-३ ६०,०००: दर सोमवारी, एकूण ८. पहिल्या दोन वॉर्डमध्ये दिल्या.
कॅल्शियम ५००: दुपारी जेवताना एक.
झोलेड्रॉनिक ॲसिड ५ मिग्रॅ: टाके काढताना, चौदाव्या दिवशी, तारीख लिहून. दिलं / दिलं नाही, सही.
पुढचा डोस: एक वर्षानं, महिना आणि साल लिहून. त्याआधी क्रिॲटिनिन, कॅल्शियम.
फोन करायचा तो नातेवाईक: नाव आणि नंबर.

शेवटची ओळ गाळू नका. मुलगा पुण्यात किंवा मुंबईत असतो, कार्ड त्याच्या गाडीत राहतं, आणि वर्षानं आज्जीला सांभाळणारं माणूस वेगळंच असतं. गावात राहणाऱ्याचा नंबर घ्या. "दिलं / दिलं नाही" ही खूण इतकी महत्त्वाची आहे, की ती नसेल तर दुसरा डॉक्टर एकतर डोस पुन्हा देतो नाहीतर दिला असेल म्हणून सोडतो.

पडणं टाळायचं काम त्याच भेटीत दोन मिनिटांत होतं. झोपेची गोळी, रक्तदाबाच्या जास्तीच्या गोळ्या, प्रोस्टेटची गोळी यांतली कुठली कमी होईल ते बघा. मोतीबिंदू आहे का विचारा. न्हाणीत दांडी आणि खरखरीत फरशी, रात्री वाटेत दिवा, परड्यातल्या संडासाऐवजी रात्रीपुरती खाटेजवळ कमोडची खुर्ची, लुगड्याचा काठ घोट्याच्या वर.

पुढची वर्षं

तीन महिन्यांनी डी आणि कॅल्शियम, गोळी लिहिली असेल तर पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजा. वर्षानं दुसऱ्या इंजेक्शनआधी वजन, क्रिॲटिनिन आणि कॅल्शियम पुन्हा, कारण गेल्या वर्षी ३८ असलेलं क्लिअरन्स यंदा ३३ वर आलेलं असू शकतं. मग डेनोसुमॅबचा विचार करायचा. दात बघा, उंची मोजा, आणि "मांडीत किंवा जांघेत दुखतं का?" हे दर भेटीत विचारा. होय म्हणाली तर दोन्ही मांड्यांचे पूर्ण एक्स-रे.

साध्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये तीन वार्षिक इंजेक्शनं किंवा पाच वर्षं गोळी झाली की औषधाला सुट्टी द्यायचा विचार होतो. खुबा मोडलेल्याला ती सुट्टी इतक्या लवकर नाही. इथं इंजेक्शन सहा वर्षांपर्यंत आणि गोळी दहा वर्षांपर्यंत चालवायचा विचार होतो, आणि त्या टप्प्यावर पुन्हा डेक्सा करून ठरवतात. ही सुट्टी फक्त झोलेड्रॉनिक, अ‍ॅलेन्ड्रोनेट आणि राइझेड्रोनेट यांनाच आहे. डेनोसुमॅबवर असलेल्या रुग्णाच्या कार्डावर लाल शाईनं लिहा: "हे इंजेक्शन विचारल्याशिवाय बंद करू नये."